मांजराची स्वच्छता: आंघोळ सगळ्यात शेवटी

मांजराच्या अंगाला वास यायला लागला, पाठीवरचे केस चिकट दिसू लागले, शेपटीखाली शी अडकून राहू लागली, की घरात पहिला विचार आंघोळीचा येतो. मग बादली, शाम्पू, धरायला दोन माणसं, हातभर ओरखडे आणि त्यानंतर कितीतरी दिवस पलंगाखालून बाहेर न येणारं मांजर. एवढं करून वास परत येतोच. अंगावर केसांचा गुंता असेल, तर तो पाण्याने आणखी आवळतो.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. निरोगी मांजर जागेपणीचा बराचसा वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं, आणि ते काम आपल्या कुठल्याही शाम्पूपेक्षा चोख होतं. ते थांबलं असेल तर आधी त्याचं कारण बघायचं. मग नखं, विंचरणं, जटा, जिथे घाण आहे तेवढ्याच जागेची सफाई, आणि एवढ्यानंतरही गरज उरली तरच पाणी. पायऱ्या या क्रमाने घ्या, पण सगळ्या एका दिवसात उरकायला जाऊ नका. नखं आज आणि विंचरणं उद्या, असं चालेल. आंघोळ आज आणि विंचरणं उद्या, हे चालणार नाही.

## पायरी १: घाण कुठे आहे आणि का आहे

मांजराला हात लावण्याआधी दोन दिवस नुसतं बघा. अंगाचा कुठला भाग खराब झालाय, यावरून बरंच कळतं.

फक्त पाठीचा मागचा भाग, शेपटीचं मूळ आणि शेपटीखालची जागा चिकट असेल, तर मांजराचं तोंड तिथपर्यंत पोहोचत नाहीये. लठ्ठ मांजरांचं हेच होतं. वय झालेल्या मांजराचे सांधे दुखत असतात, त्यामुळे त्याला मान आणि कंबर वळवता येत नाही. अशी मांजरं लंगडतीलच असं नाही. उंच जागी उडी मारणं बंद होतं, पूर्वी एका झेपेत चढायची ती खुर्चीवरून टेबलावर असे टप्पे घेऊ लागतात, आणि याला आपण ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देतो.

सगळ्या अंगावरचे केस निस्तेज, विस्कटलेले आणि कोंडा धरलेले असतील, तर मांजराला बहुधा आतून बरं वाटत नाहीये. मूत्रपिंडाचे आजार, मधुमेह आणि थायरॉइड ही वयस्कर मांजरांमधली नेहमीची कारणं. पाणी पिणं वाढलंय का, वजन उतरतंय का, हेही त्याच वेळी बघा.

तोंडाला दुर्गंधी, हनुवटी ओली, पुढच्या पंज्यांवर तपकिरी डाग असं असेल, तर दुखणं दातांचं किंवा हिरड्यांचं असू शकतं. दुखऱ्या तोंडाने मांजर चाटायचं टाळतं. चाटलंच तर तोच वास अंगभर पसरतो. इथे शाम्पूचा काही उपयोग नाही.

उलटा प्रकारही असतो. मांजर इतकं चाटतं की टक्कल पडतं. शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेवर केस गेले असतील तर पहिला संशय पिसवांवर घ्या. पोटाचे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस गेले असतील तर ॲलर्जी, मूत्राशयाचं दुखणं किंवा ताण. टकलावर उलट्या दिशेने बोट फिरवून पाहा. तुटक्या केसांचे खुंट टोचले, तर केस चाटून तुटलेत. गोल, कडेला खपली धरलेलं टक्कल असेल तर ती बुरशी, म्हणजे रिंगवर्म असू शकते. ती माणसांनाही लागते. अशा वेळी फणी फिरवू नका, हातमोजे घाला आणि मांजराला पशुवैद्याकडे न्या.

सावध: बोका शेपटीखाली सारखा चाटतोय, लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या खोक्यात) जाऊन कुंथतोय, पण लघवी होत नाहीये किंवा थेंबच येतायत, तर हा स्वच्छतेचा प्रश्न नाही. मूत्रमार्ग तुंबल्यास एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळची वाट न पाहता तेव्हाच दवाखाना गाठा.

तपासा: मांजर नीट खातंय का? पूर्ण दिवस तोंडाला काही लावलं नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पशुवैद्याला फोन करा. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी साचून ते गंभीर आजारी पडतं.

## पायरी २: सामान आणि जागा

आधी सगळं हाताशी घेऊन बसा. एका हाताने मांजर धरून दुसऱ्याने कपाट उघडायची वेळ आली, की त्या दिवसाचं काम संपलं समजा.

- धातूची फणी, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेली
- पिसवांसाठीची अगदी बारीक दातांची फणी
- मांजराचं नेलकटर
- जाड टॉवेल, कापूस, कोमट पाण्याची वाटी
- थोडं कॉर्नफ्लोअर (जटा सोडवायला आणि नखातून रक्त आलं तर दाबायला)
- मांजराचा अगदी आवडता खाऊ, एरवी मिळत नाही असा

जागा लहान असावी, दार बंद आणि पायाखाली न घसरणारं काहीतरी. गुळगुळीत ओट्यावर पाय सरकले की मांजर घाबरतं आणि नखं काढतं. वेळ निवडायची ती खेळून, खाऊन ते सुस्तावलेलं असतानाची.

सावध: काही गोष्टी आसपासही नकोत. माणसांचा शाम्पू, टी ट्री किंवा निलगिरीसारखी सुगंधी तेलं, फिनॉल असलेली जंतुनाशकं, आणि कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध. त्यातलं परमेथ्रिन कुत्र्याला सोसतं, मांजराला त्याने झटके येतात आणि ते मरूही शकतं. मांजराच्या अंगावर लावलेलं सगळं चाटण्यातून त्याच्या पोटात जातं, आणि यातले बरेच पदार्थ निकामी करण्याची ताकद त्याच्या यकृतात नसते. ‘नैसर्गिक’ असं लेबल असलं म्हणून त्यात फरक पडत नाही.

कात्रीही त्या खोलीत नको. का, ते पाचव्या पायरीत.

## पायरी ३: हात लावू द्यायची सवय

ही पायरी सगळे गाळतात आणि मग मांजर ‘चिडकं’ ठरतं.

पहिले काही दिवस अवजार वापरायचंच नाही. गाल आणि हनुवटीपासून सुरुवात करा. तिथून मान, पाठ, मग पंजे. पंजा हलका दाबून नख बाहेर आलं की लगेच खाऊ. फणी नुसती शेजारी ठेवा, मांजराला हुंगू द्या, मग फणीची मागची बाजू गालावरून फिरवा. एका बैठकीला दोनतीन मिनिटं पुरे. थांबायचं ते मांजर कंटाळण्याआधी.

थांबायच्या खुणा ठरलेल्या आहेत. शेपटीचं टोक फटकारणं, कान आडवे होणं, पाठीची कातडी थरथरणं, मान झटकन हाताकडे वळणं. चावा या खुणांनंतर येतो, अचानक येत नाही. मोठ्या मांजराला मानगुटीला धरून उचलण्याची किंवा दाबून ठेवण्याची सवय असेल तर सोडा. ते गप्प बसतं ते घाबरून, आणि पुढच्या वेळी फणी दिसताच पळतं. धरणं गरजेचंच असेल तर अंगाभोवती टॉवेल गुंडाळा आणि ज्या पायाचं काम आहे तेवढाच बाहेर ठेवा.

## पायरी ४: नखं, मग विंचरणं

नखं आधी, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्यांत ती आपल्याच हातात रुतणार असतात.

साधारणपणे मांजराला १८ नखं असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख विसरलं जातं. ते झिजत नाही, गोल वळत जातं आणि पंजाच्या मऊ गादीत रुतू शकतं. म्हाताऱ्या मांजरांत हे फार दिसतं, कारण त्यांचं नखं घासणं कमी झालेलं असतं. नखातला गुलाबी भाग जिवंत असतो. त्याच्या निदान दोन मिलिमीटर अलीकडे, फक्त अणकुचीदार टोक कापा. एका दिवशी चारच नखं झाली तरी हरकत नाही. रक्त आलं तर कॉर्नफ्लोअरची चिमूट लावून थोडा वेळ दाबून धरा. नख गादीत आधीच रुतलेलं असेल तर ते घरी काढू नका.

आता फणी. आधी विरळ दात, केसांच्या दिशेने, मानेपासून शेपटीकडे. पोट आणि शेपटी शेवटी. ती जागा मांजराला सर्वात कमी खपते, आणि तिथून सुरुवात केली तर पुढचं काम होत नाही. लांब केसांत वरवर ब्रश फिरवला की बाहेरून सगळं छान दिसतं आणि कातडीलगत गुंता तसाच राहतो. म्हणून केस थोडे बाजूला करून, थराथराने, मुळापर्यंत फणी जातेय का ते बघा. कातडी खरवडायची मात्र नाही.

तपासा: शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा आणि फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचं पचलेलं रक्त. डाग नाही पसरला तर साधी धूळ. एकही पिसू दिसली नाही तरी ही परीक्षा पुरेशी आहे, कारण चाटणारं मांजर पिसवा गिळून टाकतं.

पिसवा सापडल्या तर पशुवैद्याने मांजराच्या वजनाप्रमाणे दिलेलं औषधच वापरा. मानेवर टाकायचे थेंब असतील, तर डोक्याच्या मागे, जिभ पोहोचत नाही अशा जागी केस बाजूला करून थेट कातडीवर टाका. केसांवर टाकलेलं औषध वाया जातं. घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी औषध द्या, मांजराची अंथरुणं गरम पाण्यात धुवा, आणि फटी, गाद्या, सोफ्याखालची जागा व्हॅक्यूमने साफ करा. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा छोटासा भाग. अंडी, अळ्या आणि कोष घरातच पडलेले असतात, आणि कोष महिनोन् महिने टिकतात. म्हणून औषधानंतरही काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात. ‘औषध लागू पडलं नाही’ असं समजून लोक इथेच दुसरा डोस घालतात. घालू नका, ठरलेल्या तारखेपर्यंत थांबा.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. पिसू गिळल्याने हा जंत होतो, त्यामुळे जंताचं आणि पिसवांचं औषध बरोबरीने लागतं.

## पायरी ५: जटा

जटा बनतात त्या घासल्या जाणाऱ्या जागी: कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली, पोटावर, जांघेत आणि मागच्या मांड्यांच्या झालरीत. बोटांनी चाचपून शोधा, डोळ्यांनी दिसत नाहीत.

कात्री का नको, ते आता. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी वर येते, आणि केस समजून आपण ती कापतो. पशुवैद्यांकडे टाके घालायला येणाऱ्या अशा जखमा अजिबात दुर्मीळ नाहीत. ‘मी जपून कापेन’ याला इथे अर्थ नाही, कारण जट आणि कातडी यांतली सीमा दिसतच नाही.

क्रम असा:

1. जट आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटांनी केस घट्ट धरा. ओढ बोटांवर यायला हवी, कातडीवर नाही.
2. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा. केस एकमेकांवरून सुटायला मदत होते. नंतर ते विंचरून काढून टाका.
3. जट बोटांनीच आडवी फाकवून तिचे छोटे भाग करा.
4. फणीच्या टोकाचे दोनतीन दात घेऊन जटेच्या बाहेरच्या टोकापासून सोडवत या. मुळाकडून सुरुवात केली तर सगळा गुंता एकाच ठिकाणी दाबला जातो.
5. एक जट, मग खाऊ, मग सुट्टी. दुसरी संध्याकाळी.

सावध: जट कातडीला घट्ट चिकटलीय, हलवताच मांजर कळवळतंय, किंवा अनेक जटा जुळून कवचासारखा थर झालाय, तर घरचे प्रयत्न थांबवा. तो थर क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) उतरवावा लागतो, बऱ्याचदा गुंगी देऊन. खाली कातडी लाल, ओली किंवा जखमी निघू शकते. उन्हाळा आहे म्हणून सरसकट सगळं अंग भादरायची मात्र गरज नसते.

## पायरी ६: शेपटीखालची जागा

लांब केसांच्या, लठ्ठ आणि म्हाताऱ्या मांजरांची ही रोजची अडचण. ओल्या शीवर हात चालवू नका, ती पसरते. सुकलेली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी मिनिट-दोन मिनिटं धरून ठेवा, मऊ झाली की पुसून घ्या. घासायचं नाही. शेवटी कोरड्या कापडाने टिपा. तिथली ओल राहिली तर कातडी लाल होते.

केस पुन्हापुन्हा माखत असतील तर गुदद्वाराभोवतीचे आणि मांड्यांच्या मागचे केस क्लिपरने आखूड करून घ्या. पहिल्या वेळी पशुवैद्याकडून किंवा अनुभवी ग्रूमरकडून.

पण हा उपाय अर्धाच. निरोगी शी घट्ट असते, केसांना चिकटत नाही. सारखी चिकटत असेल तर प्रश्न पचनाचा, जंतांचा किंवा आहाराचा आहे. मांजर बूड जमिनीवर घासत असेल तर गुदग्रंथी तुंबलेल्या असू शकतात. त्या स्वतः दाबून बघू नका.

## पायरी ७: डोळे, कान, हनुवटी

डोळ्यांची चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. पिवळा-हिरवा स्राव किंवा मिचकावणारा डोळा घरी पुसत बसायचा नसतो.

कान आतून गुलाबी आणि स्वच्छ दिसत असेल तर त्याला हात लावू नका. इअरबड कधीच नाही. मळ आत ढकलला जातो. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, भुसभुशीत मळ आणि सतत कान खाजवणं म्हणजे बहुधा कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे. त्यांना औषध लागतं.

हनुवटीवरचे काळे ठिपके बऱ्याचदा मुरमांचे असतात. प्लास्टिकचं भांडं बदलून स्टीलचं किंवा चिनी मातीचं द्या आणि ते रोज धुवा. अनेकदा तेवढ्याने उतार पडतो. हनुवटी सुजली किंवा पू आला तर मात्र दाखवा.

## पायरी ८: आंघोळ, खरंच लागली तर

अंगभर घाण माखलीय, कातडीसाठी औषधी शाम्पू सांगितलाय, किंवा अंग इतकं तेलकट आहे की फणी चालत नाही, अशा वेळीच. घरात राहणाऱ्या निरोगी, आखूड केसांच्या मांजराला आयुष्यभर आंघोळ घातली नाही तरी बिघडत नाही. एखाद्याच ठिकाणी डाग असेल तर तेवढीच जागा ओल्या कापडाने पुसा.

तपासा: एकही जट शिल्लक नाही ना? नखं कापलेली आहेत ना? मांजर आजारी नाही ना? मानेवर पिसवांचं औषध टाकलं असेल तर पाकिटावर सांगितलेले दिवस उलटलेत ना? चारही उत्तरं समाधानकारक असतील तर पुढे.

पाणी मांजर आणण्याआधी भरून ठेवा. नळाच्या धारेचा आवाज हीच अर्धी भीती असते. तळाला रबरी चटई, पाणी जेमतेम पोटापर्यंत आणि कोपर बुडवल्यावर ना गार ना गरम लागेल इतपत. मगाने मानेपासून मागे भिजवा. तोंडावर पाणी नाही, चेहरा नंतर ओल्या फडक्याने पुसा. मांजरांसाठीचा शाम्पू थोड्या पाण्यात मिसळून लावा, म्हणजे धुवायला सोपा जातो. मग स्वच्छ पाण्याने, बोटांना बुळबुळीतपणा लागायचा थांबेपर्यंत धुवा. शाम्पूचा अंश राहिला तर खाज सुटते आणि उरलेलं मांजर चाटून घेतं. टॉवेलने दाबून पाणी टिपा, चोळू नका. चोळलं की लांब केसांत नव्या जटा पडतात. पूर्ण सुकेपर्यंत खोली उबदार ठेवा आणि केस सुकत असताना एकदा फणी फिरवा.

सावध: अंगावर रंग, इंजिन ऑइल किंवा रसायन सांडलं असेल तर रॉकेल किंवा थिनर लावू नका. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, चाटू देऊ नका आणि लगेच पशुवैद्याला विचारा. लिलीच्या फुलाचे परागकण अंगावर दिसले तरीही हेच. ते चाटल्याने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

## पायरी ९: लिटर बॉक्स

पंजे, पोट आणि शेपटी माखण्याचं मूळ कित्येकदा इथे असतं. बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, म्हणजे त्याला आत वळता येतं. मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत. म्हाताऱ्या मांजरासाठी एक कड बुटकी ठेवा. सुगंधी लिटर आपल्या नाकासाठी असतं, बऱ्याच मांजरांना ते नकोसं वाटतं. लांब केसांच्या मांजराच्या बोटांमध्ये लिटरचे गोळे अडकत असतील तर दाण्याचा आकार बदलून बघा.

घाण रोज काढा, शक्य तर दोनदा. यात माणसांचाही फायदा आहे. माणसांनाही लागू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण असलेल्या मांजराच्या शीमधले परजीवी बाहेर पडल्यापासून साधारण १ ते ५ दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणजे त्याच दिवशी उचललेल्या शीमधून धोका फार कमी. तरीही घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. तसं कुणीच नसेल तर हातमोजे घालून करावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत. बॉक्स धुताना साधा सौम्य साबण आणि गरम पाणी पुरतं.